‘हलकं वाचन’ म्हणून बाजूला काढलेल्या कादंबऱ्यांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचनाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. मुलांच्या हातात पुस्तक राहिलं नाही ही लेखकाची तळमळ खरी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यात जाता जाता एक वाक्य आलंय. मित्र-मैत्रीण पुढे प्रेमात पडतात, मुलीला ‘स्वतःची किंमत’ कळते, असल्या कादंबऱ्या म्हणजे कोवळ्या मुलींना गुंगवणारं हलकं वाचन आणि वाचनालयांनी अनुदानाचा पैसा त्यावर घालवू नये, असा त्याचा भावार्थ. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. जागेसाठी कापावं लागलं तर शेवटची मागणी तेवढी राहू द्यावी.

मी २०१९ पर्यंत ३१ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी प्रतवारीतल्या ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची पट्टी कधी खोटं बोलत नाही. मोठमोठ्या पारितोषिकांची काही पुस्तकं अशी होती की दहा वर्षांत पट्टीवर तीन तारखा. आणि कपाटाच्या खालच्या खणात ज्यांना आमच्या खरेदी समितीत ‘बायकांच्या कादंबऱ्या’ म्हणत, त्यांच्या पट्ट्या भरून एकावर एक चार-चार चिकटवलेल्या असत. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून येणाऱ्या एक बाई होत्या. पिशवीत खाली कांदे-बटाटे, त्यावर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर कादंबरी. पुस्तकाला माती लागू नये म्हणून तो कागद. त्यांना मी कधी ‘हलकं वाचता’ असं म्हणू शकले नसते.

आता मूळ मुद्दा. पहिल्या नजरेत जडणाऱ्या प्रेमाची गोष्ट आणि मैत्रीतून उमलणाऱ्या प्रेमाची गोष्ट, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या नजरेच्या प्रेमात समोरच्याला तुमच्याबद्दल काही माहीत नसतं, म्हणून त्याचं प्रेम स्वीकारणं सोपं असतं. मित्राला सगळं माहीत असतं. तुम्ही कुठे नापास झालात, कुणाशी खोटं बोललात, रडताना कशा दिसता, घरात तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागतं. जिला लहानपणापासून आपण कमी आहोत असंच वाटत आलं, तिच्या पचनीच पडत नाही की हे सगळं माहीत असलेला माणूस आपल्यावर प्रेम करू शकतो. तिला ते प्रेम न वाटता कीव वाटते. म्हणून अशा कादंबरीत खरी अडचण बाहेर नसते. खलनायक नाही, श्रीमंत बाप नाही, जातीची भिंत असेलच असं नाही. अडचण मुलीच्या आत असते, आणि ती आधी सुटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. हे लिहिणं अवघड आहे. ते हलकं कसं?

हे मी ऐकीव सांगत नाही. १९८९ साली मी २३ वर्षांची होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी झाली होती, नोकरीला वर्ष झालं होतं. दोन वर्षांत नऊ स्थळं आली. नवव्या वेळी आलेलं पोस्टकार्ड माझ्याच हातात पडलं, कारण पोस्टमन ते वाचनालयातच देऊन गेला. ‘मुलगी चांगली आहे, परंतु वर्णामुळे योग जुळत नाही.’ उघडं कार्ड. पोस्टमनने वाचलं असणार, शिपायाने वाचलं असणार. मी ते फाडलं नाही, एका जुन्या शब्दकोशात घालून ठेवलं. मनात असं बसलं की पुस्तकावर वर्गाचा आकडा घालावा तसं जगाने माझं वर्गीकरण केलंय, आणि आता तो आकडा पुसता येणार नाही.

त्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक मास्तर शनिवारी शाळा सुटली की वाचनालयात येत. आमच्याकडे जुन्या मासिकांचे खंड होते, पानं सुटलेली, कडा कुरतडलेल्या. बाइंडरला द्यायला पैसे नव्हते. मास्तरांच्या वडिलांचा बांधणीचा व्यवसाय होता, त्यांना काम येत होतं. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, तो कालवला की खळीला निळसर रंग येतो. ते दोऱ्याने पानं शिवत, मी खळ लावत असे. तीन वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवारी. किती बोललो असू त्याचा हिशेब नाही. त्या नऊ स्थळांबद्दल मी आईशी बोलले नव्हते ते त्यांच्याशी बोलले होते. पोस्टकार्डाचंही सांगितलं होतं.

१९९१च्या जानेवारीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी काय म्हणाले ते मला आजही शब्दशः आठवतं. मी म्हणाले, “तुम्हाला माझी कीव येते.”

त्यांनी फडक्याला हात पुसले. म्हणाले, “कीव आली असती तर पहिल्याच वर्षी विचारलं असतं.” आणि निघून गेले. जूनमध्ये त्यांची बदली पाटण तालुक्यात झाली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी वाचनालयाच्या खरेदीसाठी पुण्याला गेले होते. अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी कादंबरी मिळाली. पुठ्ठा नव्हता, पहिलं पान अर्धं फाटलेलं. आठ रुपये. ‘अ‍ॅन ऑफ द आयलंड’, लेखिका एल. एम. मॉन्टगोमेरी, कॅनडाची. मूळ पुस्तक १९१५ सालचं. माझं इंग्रजी बेताचं, वीरकरांचा शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला चार महिने लागले.

ज्यांना अ‍ॅन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९०८ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात ती अकरा वर्षांची अनाथ मुलगी आहे, लाल केसांची, चेहऱ्यावर ठिपके असलेली. मुलगा हवा म्हणून निरोप पाठवलेल्या एका वयस्क भावा-बहिणीच्या घरी चुकून येऊन पडलेली. आपण नको असताना आलो, ही तिच्या आयुष्याची सुरुवात. शाळेत गिल्बर्ट नावाचा मुलगा तिच्या केसांवरून तिला ‘गाजर’ म्हणतो आणि ती त्याच्या डोक्यात पाटी फोडते. अनेक वर्षं अबोला. पुढे गावातल्या शाळेतली मास्तरकी गिल्बर्टला मिळालेली असते, पण अ‍ॅनला घरी राहता यावं म्हणून तो ती तिच्यासाठी सोडतो आणि स्वतः दूरच्या गावची शाळा घेतो. तिथून दोघांची मैत्री सुरू होते. मी सांगते आहे तो तिसरा भाग, कॉलेजच्या दिवसांचा.

यातल्या विसाव्या प्रकरणात गिल्बर्ट तिला विचारतो आणि ती नाही म्हणते. इथे मी पुस्तक मिटलं होतं. आठवडाभर उघडलं नाही. मला वाटलं, पुढे आता तो रुसेल, किंवा ती पस्तावेल, किंवा कुणीतरी मरेल. पण एकविसाव्या प्रकरणात लेखिका अ‍ॅनला कुठे नेते? तिच्या जन्मघरी. एक लहानसं पिवळं घर. तिथे एक बाई तिला तिच्या आई-वडिलांची जुनी पत्रं देतात. आई-वडील तिच्या जन्मानंतर तीन महिन्यांत तापाने गेलेले, त्यांचा चेहराही तिला माहीत नाही. त्या पत्रांत तिच्या आईने आपल्या तान्ह्या मुलीबद्दल किती मायेने लिहिलंय ते ती वाचते. आपण नकोशा नव्हतो, कुणाला तरी प्राणांहून हव्या होतो, हे तिला पहिल्यांदा कळतं. त्या प्रसंगात गिल्बर्ट कुठेच नाही. तिची किंमत तिला तो सांगत नाही, कुठलाही पुरुष सांगत नाही. आईचं पत्र सांगतं.

मी ते प्रकरण वाचून माझ्या आईकडे गेले. आई निरक्षर होती, तिची पत्रं असणं शक्य नव्हतं. मी विचारलं, मी झाले तेव्हा घरात काय म्हणाले? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुझ्या आजीनं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, माझी आहे, काळी का गोरी मी बघून घेईन.” आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. २५ वर्षं मी त्या घरात राहत होते आणि हे वाक्य मला माहीत नव्हतं.

पुढे अ‍ॅनच्या आयुष्यात रॉय नावाचा तरुण येतो. उंच, देखणा, श्रीमंत, अगदी तिच्या स्वप्नातल्यासारखा. दोन वर्षं तो तिच्यामागे असतो. सगळे धरून चालतात की हे लग्न ठरलंच. आणि तो विचारतो त्या क्षणी तिला कळतं की आपण याला हो म्हणू शकत नाही. मला हा प्रसंग गिल्बर्टच्या प्रसंगापेक्षा मोठा वाटतो. अनाथ, लाल केसांच्या मुलीला असं स्थळ चालून आलंय, नाही कसलं म्हणतेस, असं सगळं जग म्हणेल, तिथे ती नाही म्हणते. मग गिल्बर्टला विषमज्वर होतो, तो जगतो की मरतो ते कळत नाही अशी एक रात्र तिला काढावी लागते, आणि त्या रात्री तिला स्वतःचं मन उमगतं. शेवट सगळ्यांना आधीच कळतो, तो मी लांबवत नाही.

१९९१ ते ९३ या दोन वर्षांत मी वाचनालयाच्या जुन्या मासिकांची लेखवार सूची केली. चार हजारांवर कार्डं, सगळी माझ्या अक्षरात. ती वापरायला पुण्याहून, कोल्हापूरहून संशोधक येऊ लागले. आलेला माणूस कार्डांचा खण ओढायचा, माझं अक्षर वाचायचा, आणि त्याला हवं ते सापडायचं. माझ्या वर्णाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९९३च्या फेब्रुवारीत मी मास्तरांना पाटणला पोस्टकार्ड टाकलं. मुद्दाम उघडं कार्ड. लिहिलं, ‘खंड १२ची शिवण उसवली आहे. यावं. बोलायचंही आहे.’ यंदा आमच्या लग्नाला तीसवर कितीतरी वर्षं झाली.

आपल्या लेखकांना मी एवढंच विचारते, त्या आठ रुपयांच्या पुस्तकाने मला गुंगवलं की जागं केलं?

अर्थात या प्रकारातलं सगळंच चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. वाईट कादंबऱ्या मी भरपूर वाचल्यात, काही तर माझ्याच यादीने वाचनालयात आल्या. दोन गोष्टींची मला चीड येते. एक, नायिका चष्मा काढते, केस मोकळे सोडते, मैत्रीण तिला साडी नेसवते, आणि दहा वर्षं शेजारी बसलेल्या मित्राला त्या संध्याकाळी ती ‘दिसते’. मग त्या दहा वर्षांच्या मैत्रीचं काय झालं? आत्मसन्मानाच्या नावाखाली पुन्हा रूपाचीच परीक्षा. दुसरी त्याहून वाईट. मित्र म्हणतो, ‘मी इतकी वर्षं तुझ्यासाठी थांबलो’, आणि लेखक त्याच्या बाजूने. वाचनालयात आपण सभासदाकडून अनामत घेतो, सभासदत्व सोडताना ती परत करतो. मैत्री ही अशी भरून ठेवलेली अनामत नाही, की एक दिवस येऊन मागावी. मुलीला हो म्हणायला ऋणाचं ओझं वाटू लागलं, तर ती कादंबरी तिला स्वतःची किंमत शिकवत नाही, फेड शिकवते. मराठीत मोबाइलवर क्रमशः येणाऱ्या कथांमध्ये हे दोन्ही दोष मला फार दिसतात. पण त्याला उपाय, चांगल्या कादंबऱ्या मुलींच्या हाती पडतील अशा ठेवणं, हाच आहे. कपाटाला कुलूप लावून काय होणार?

आणि मराठी वाचकाला हे नवीन नाही. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’, म्हणजे ‘लिटल विमेन’चा अनुवाद, आपल्या किती पिढ्यांनी वाचली. त्यातली ज्यो आपल्या मित्राला, लॉरीला, लग्नाला नाही म्हणते, त्यावरून आमच्या वाचनालयात बायका अक्षरशः भांडलेल्या मी पाहिल्यात. मूळ लेखिका लुइसा मे अल्कॉट हिला तर पहिला भाग १८६८ साली आल्यावर मुलींची पत्रं येऊ लागली होती, की या बहिणी कुणाशी लग्न करणार ते सांग. तिने ठरवलं, कुणाला खूश करायला ज्योचं लॉरीशी लग्न लावायचं नाही. तिथे मैत्री मैत्रीच राहते आणि तेही खरं वाटतं. एका पुस्तकात मित्राला नाही म्हणणं बरोबर, दुसऱ्यात नाही म्हणून मग हो म्हणणं बरोबर. सोळा वर्षांच्या मुलीने ही दोन्ही पुस्तकं वाचली तर ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही आपल्या हातात आहेत हे तिला कुणी भाषण न देता कळेल.

मॉन्टगोमेरीबाईंची स्वतःची कथाही सांगण्यासारखी आहे. आई दोन वर्षांच्या आत क्षयाने गेली, आजी-आजोबांनी वाढवलं. अ‍ॅनचं पहिलं पुस्तक अनेक प्रकाशकांनी परत पाठवलं, तेव्हा त्यांनी हस्तलिखित टोपीच्या खोक्यात टाकून ठेवलं. पुढे ते पुन्हा हाती लागलं, पुन्हा पाठवलं, आणि बॉस्टनच्या एका प्रकाशकाने काढलं. जपानमध्ये हानाको मुराओका या बाईंनी युद्धाच्या काळात त्याचा अनुवाद करत हस्तलिखित जपलं. तो १९५२ साली छापून आला आणि अ‍ॅन तिथल्या घराघरांत गेली. एका अनुवादाने केवढं होऊ शकतं!

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी अभ्यासिकेतून माझ्या घरी येते. दोनदा पूर्वपरीक्षा हुकली. घरचे म्हणतात आता स्थळं बघू. ती मोबाइलवर मैत्रीतून प्रेमाच्या गोष्टी वाचते आणि मला सांगताना लाजते. मी तिला माझी वही दिली. दोनशे पानी, लांब वही. निवृत्तीनंतर मी ‘अ‍ॅन ऑफ द आयलंड’ मराठीत उतरवायला घेतलंय, ४१ पैकी २६ प्रकरणं झालीत. आठ दिवसांनी ती आली, वही पदराखाली धरावी तशी ओढणीत धरलेली, बाहेर पाऊस होता. म्हणाली, “काकू, तो विचारतो तेव्हा ती नाही म्हणते, हे वाचून बरं वाटलं. मला वाटायचं, आपल्याला कुणी विचारलं तर हो म्हणायलाच लागतं.” वहीच्या एकविसाव्या प्रकरणाच्या पानाला तिने दुमड घातली होती. वाचनालयात दुमडलेलं पान दिसलं की मी रागावत असे. ते मी तसंच ठेवलंय.

म्हणून माझी मागणी. आपल्या पुरवणीत चरित्रांची, इतिहासाची, कवितेची परीक्षणं येतात. प्रेमाच्या कादंबऱ्यांनाही महिन्यातून एकदा तशीच जागा द्या. चांगलीला चांगली म्हणा, अनामत वसूल करणारीला तसं म्हणा, पण वाचून म्हणा. वाचनालयांच्या खरेदी समित्यांनी यादीवर फुली मारण्याआधी आपल्याच पुस्तकांच्या तारीखपट्ट्या एकदा उलगडून पाहाव्यात आणि समितीत किमान एक तरुण मुलगी सभासद घ्यावी. आणि प्रकाशकांनो, मॉन्टगोमेरीबाई १९४२ साली गेल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं २००३ पासून मराठीत आणायला कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत. हे काम माझ्याहून समर्थ अनुवादकाकडून चांगलं, सबंध, स्वस्त आवृत्तीत व्हावं.

तोवर माझी वही कुणाही वाचनालयाला छायाप्रत काढायला हवी असल्यास मी देईन. उरलेली पंधरा प्रकरणं रोज दोन पानं या वेगाने चालू आहेत. सत्ताविसावं काल सुरू केलं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)